बहिरी ससाण्यासाठी तयार पेटी: घ्या, पण खडी वेगळी मागवा

एका उंच इमारतीची देखभाल माझ्याकडे आहे. वरच्या सज्जावर बहिरी ससाण्याची जोडी सारखी येऊन बसायला लागली, म्हणून त्यांना अंडी घालायला ही पेटी मागवली. विणीचा अख्खा हंगाम तिच्यात पार पडला. पेटी घेण्यासारखी आहे, फक्त सोबतच्या खडीवर आणि माहितीपत्रकावर विसंबू नका.

हा पक्षी काटक्या गोळा करत नाही. कड्याच्या कपारीतल्या मातीत, बारीक खड्यांत छातीने आणि पायांनी उथळ खळगा करतो आणि मादी त्यातच तीन-चार अंडी घालते. उंच इमारत त्याच्या लेखी कडाच, शिवाय खाली कबुतरांची रेलचेल. पण सिमेंटवर खळगा होत नाही. अंडी घरंगळतात, पावसाचं पाणी साचलं की गारठून वाया जातात. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरातल्या सन लाइफ इमारतीवर १९३६ ते १९५२ या काळात ससाण्यांचा मुक्काम होता. तिथेही खडी भरलेले ट्रे ठेवल्यावरच पिल्लं वाढली.

म्हणून मी आधी पेटीचा तळ पाहिला. खडी गोल, वाटाण्याएवढी, कुठेही धार नाही. उत्तम. पण दिलीये जेमतेम तळ झाकेल एवढीच. चार बोटं जाड थर तरी हवा, नाहीतर खळगा केला की खालचं प्लाय उघडं पडतं. पाणी जायला भोकं आहेत, त्यांवर जाळी नाही, त्यामुळे खडे अडकून ती बुजतात. जाळी आम्ही लावून घेतली. बाकी काम चोख आहे: छप्पर पुढे आलेलं, दर्शनी पट्टी उंच, म्हणजे अडखळत चालणारी पिल्लं बाहेर पडत नाहीत.

कॅमेऱ्याची खाच मात्र नेमकी बसायच्या दांड्यामागे. काच विष्ठेने माखणारच. कॅमेरा बाजूच्या भिंतीवर घ्या. मग जे दिसतं ते पाहताना मी काम विसरतो: अंड्यांवर बसण्याआधी मादी पायाची बोटं मुठीसारखी आत वळवते, नखं अंड्यांना लागू नयेत म्हणून, आणि मग डावी-उजवीकडे हलत हलत अलगद खाली बसते.

माहितीपत्रकात स्क्रू कुठे मारायचे ते आहे, पक्ष्याबद्दल जवळजवळ काही नाही. पेटी विणीच्या हंगामाआधीच बसवा, वनखात्याला आणि जाणकार पक्षीमित्रांना विचारून. उबवणीला महिन्याहून थोडे अधिक दिवस लागतात, पिल्लं उडायला पुढे साधारण सहा आठवडे. तेवढा काळ काचा पुसणाऱ्यांचा पाळणा त्या बाजूने उतरवू नका. आई-बाप थेट माणसाच्या डोक्यावर झेपावतात, आणि तोवर अंडी उघडी पडतात.

आणि गच्चीवर कबुतरांसाठी विष ठेवत असाल तर ते आधी बंद करा. तेच कबूतर पिल्लांच्या तोंडी जाणार. डीडीटी हे कीटकनाशक असंच भक्ष्यातून ससाण्यांच्या अंगात गेलं. अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की उबवतानाच फुटायची. अमेरिकेच्या पूर्व भागात १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वीण करणारी एकही जोडी उरली नव्हती. १९७२ ला तिथे बंदी आली, माणसांनी वाढवलेली हजारो पिल्लं सोडली, काही तर शहरातल्या उंच इमारतींवरूनच, तेव्हा कुठे १९९९ मध्ये हा पक्षी तिथल्या संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला. माहितीपत्रकात निदान कबुतरांच्या विषाबद्दल एक ओळ छापा, अशी विनंती मी पेटीवाल्यांना केली आहे.