सगळ्या घराला मिळून एकच डेस्कटॉप: टॉवर, मिनी पीसी की ऑल-इन-वन?

घरासाठी डेस्कटॉप घ्यायचा विषय निघाला की चर्चा 'आय थ्री की आय फाइव्ह', म्हणजे इंटेलचा कुठला प्रोसेसर, इथूनच सुरू होते. मी आधी वेगळंच विचारतो: यावर एका वेळी किती जणांची खाती उघडी राहणार? कारण घरात 'साइन आउट' कुणीच करत नाही. एकजण मेल उघडा टाकून उठतो, दुसरा 'स्विच युजर' करून आपल्या खात्यात शिरतो, आणि पहिल्याच्या ब्राउझरमधले वीस टॅब मागे तसेच. आमचा जुना कॉम्प्युटर एका संध्याकाळी रांगायला लागला, तेव्हा टास्क मॅनेजर (काय काय चालू आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) मधला 'युजर्स' टॅब उघडला. तिथे तीन नावं होती, प्रत्येकापुढे अडवलेली मेमरी. समोर बसलेला मी एकटाच!

त्यामुळे 8 जीबी रॅमचा, म्हणजे याच मेमरीचा, विचारच करू नका. 16 ही सुरुवात, आणि माणसं चार-पाच असतील तर 32. प्रोसेसर एक पायरी खाली उतरवून रॅम वाढवावी लागली तरी चालेल. 16 जीबीची एक स्टिक (रॅमची पट्टी) घ्यायची की 8-8 च्या दोन? वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर दोन, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच मेमरीवर जगतं आणि दोन स्टिक असल्या की त्याला जवळपास दुप्पट रुंद वाट मिळते. मदरबोर्डावर (सगळे भाग जोडले जातात त्या पाटीवर) रॅमचे स्लॉट दोनच असतील तर मात्र पुढे वाढवताना या काढाव्या लागतील. जुन्या कॉम्प्युटरची डीडीआर4 रॅम नव्या पिढीच्या डीडीआर5 च्या बोर्डावर बसत नाही, खाचच वेगळ्या जागी असते.

आता डबा. ऑल-इन-वन, म्हणजे पडद्यातच कॉम्प्युटर, दिसतो देखणा, वायरींचं जंजाळ नाही. पण पडदा गेला की कॉम्प्युटरही गेला, आणि कॉम्प्युटर जुना झाला की चांगला पडदाही बऱ्याचदा वाया जातो, कारण बाहेरून एचडीएमआय आत घेण्याची सोय सगळ्यांत नसते. मिनी पीसी, म्हणजे छोट्या डबीतला कॉम्प्युटर, त्याहून बरा: मॉनिटरच्या पाठीमागे लावता येतो, वीज कमी खातो, आवाज बहुधा कमी. घेण्याआधी एकच गोष्ट बघा, रॅम स्लॉटमध्ये आहे की बोर्डावर सोल्डर केलेली. सोल्डर असेल तर आज घ्याल तेवढीच कायमची.

टॉवर, म्हणजे नेहमीचा मोठा उभा डबा, जागा खातो आणि धूळही. तरीही दहाजणांचे हात लागणाऱ्या यंत्रासाठी माझं मत टॉवरलाच. पॉवर सप्लाय उडाला तर तेवढाच बदलता येतो, पंखा खरखरला तर तेवढाच. अट इतकीच की भाग सर्वसाधारण मापाचे हवेत. तयार मिळणाऱ्या काही टॉवरमध्ये पॉवर सप्लाय आणि बोर्ड कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात, तिथे हा फायदा बराचसा संपतो.

प्रोसेसरवर फार वेळ घालवू नका. अभ्यास, व्हिडिओ, हिशेब यांना इंटेलच्या कोअर आय3-14100 चे 4 कोअर (काम करणारे भाग) आणि 8 थ्रेड (एका वेळी हाताळता येणाऱ्या कामांच्या रांगा) पुरतात. मुलं हलकेफुलके गेम खेळणार असतील तर एएमडीचा रायझन 5 8600जी: 6 कोअर, आणि आतलं ग्राफिक्स त्या आय3 पेक्षा बरंच ताकदवान. इंटेलच्या नावाशेवटी 'एफ' दिसला तर थांबा. त्यात ग्राफिक्स नसतंच, वेगळं कार्ड घेतल्याशिवाय पडदा काळाच राहील.

वापरलेला कॉम्प्युटर घेत असाल तर विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय हे लक्षात ठेवा. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेसाठीची चिप किंवा तशी सोय) लागतं आणि इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. चकाचक पुसलेला सहाव्या पिढीचा डबा स्वस्त का, ते इथे कळतं.

विंडोज एसएसडीवरच हवं, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या वेगवान डिस्कवर. जुन्या पद्धतीने जोडली जाणारी साटा एसएसडी सेकंदाला साधारण 550 एमबी वाचते, नव्या पद्धतीची चांगली एनव्हीएमई 7000 पर्यंत जाते, पण रोजच्या वापरात हा फरक क्वचितच जाणवतो. हार्ड डिस्क आणि एसएसडी यांच्यातला मात्र पहिल्याच दिवशी जाणवतो. फोटोंसाठी हार्ड डिस्क चालेल, फक्त त्यांची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर हवी.

मॉनिटर 24 इंची 1080पी ठीक (हा आकडा पडद्यावरच्या ठिपक्यांच्या आडव्या ओळींचा). 27 इंची घ्यायचा तर 1440पी, नाहीतर अक्षरं भरड दिसतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वरखाली होणारा स्टँड. त्याच खुर्चीवर सकाळी आजोबा आणि दुपारी चौथीतली नात बसणार असते, आणि स्टँड वरखाली होत नसला की पडद्याखाली जाडजूड पुस्तकांची चळत येते.

कीबोर्ड-माउस वायरचेच. बिनवायरचे घेतलेत तर त्यातले सेल टीव्हीच्या रिमोटमध्ये जातात, आणि कुणी काढले ते कधीच कळत नाही.