फेरिटिन एलायझा किट: रत्नागिरीच्या पावसाळ्यातील अनुभव

रत्नागिरीतील आमच्या लहान प्रयोगशाळेत जून ते सप्टेंबर या काळात आम्ही एका कंपनीचे ९६ वेलचे (नमुना घालायच्या बारीक खळग्यांचे) फेरिटिन एलायझा किट वापरले. फेरिटिन म्हणजे शरीरात लोह साठवणारे प्रथिन, आणि एलायझा म्हणजे अँटिबॉडी वापरून ते मोजायची चाचणी. रुग्णांचे रिपोर्ट देण्याआधी किट आम्ही स्वतः पारखून घेतले, आणि तसे केले नसते तर मोठी चूक झाली असती.

किट ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर इतके कमी फेरिटिनही मोजते, असे माहितीपत्रकात छापले आहे. आम्ही ६, १२, ८० आणि ३०० या सुमाराचे सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) पाच दिवस रोज पाच वेळा तपासले. वरच्या दोन पातळ्यांवर सीव्ही (एकच नमुना पुन्हा पुन्हा मोजल्यावर उत्तरांत पडणारा फरक, सरासरीच्या टक्क्यांत) ९ टक्क्यांच्या आत राहिला, १२ वर तो १४ झाला आणि ६ वर थेट ३१ टक्क्यांवर गेला. आयसीएच या औषधांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची एम१० ही मार्गदर्शिका औषधांच्या चाचण्यांसाठी असली तरी मोजपट्टी म्हणून आम्ही तीच धरली, आणि तिच्यातही सर्वांत खालच्या पातळीला २५ टक्क्यांपर्यंतच मुभा आहे. निरोगी प्रौढांत १५ च्या खालचे फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा संपत आल्याची खूण, असे जागतिक आरोग्य संघटना मानते. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांचे निदान याच पट्ट्यात ठरते. म्हणून १० च्या खालचा आकडा आम्ही रिपोर्टवर देत नाही, फक्त ‘१० पेक्षा कमी’ असे लिहितो.

वरच्या टोकाला मात्र किटने समाधान दिले. डेंग्यूच्या एका रुग्णाचे फेरिटिन प्रमाण द्रावणांच्या (फेरिटिन किती हे आधीच माहीत असलेल्या, तुलनेच्या द्रावणांच्या) पलीकडे गेले होते. ते सीरम दहा, वीस आणि चाळीस पट पातळ करून तपासले, तेव्हा गुणून आलेली तिन्ही उत्तरे एकमेकांशी १० टक्क्यांच्या आत जुळली. वेलमधली पहिली अँटिबॉडी फेरिटिन पकडते, आणि उरलेला नमुना धुऊन टाकल्यावरच ते दाखवणारी दुसरी अँटिबॉडी घालायची असल्याने अतिजास्त फेरिटिन खोटेच कमी दिसण्याचा धोकाही येथे फारसा नाही.

आमच्या दमट हवेची एक गोष्ट माहितीपत्रकात ठळकपणे हवी होती. पहिल्या दिवशी फ्रीजमधून काढलेले वेलच्या पट्ट्यांचे पाकीट लगेच फोडले, तर वेलच्या तळाशी दव धरले आणि त्या पट्टीत एकाच नमुन्याच्या दोन-दोन वेलची रीडिंग जुळेनात. पाकीट बंद ठेवूनच अर्धा तास बाहेर काढून ठेवू लागल्यापासून हा त्रास थांबला.

किटचा दुसरा लॉट (उत्पादनाची नवी खेप) आल्यावर बारा जुने नमुने दोन्ही लॉटवर दुहेरी तपासले. नवा लॉट सरासरी ६ टक्के वर वाचत होता. प्रत्येक नव्या लॉटला प्रमाण द्रावणांखेरीज दोन्ही लॉटच्या तीन-तीन पट्ट्या अशा खर्ची पडतात, तेव्हा किमतीचा हिशोब तेवढा धरूनच करावा.