फिंगरप्रिंट लॉक आमच्या दाराला, ताबा मात्र विक्रेत्याकडे

फिंगरप्रिंट लॉक घेताना माणसं सेन्सर बघतात, रंग बघतात, वॉरंटी किती वर्षांची ते विचारतात. लॉकच्या ॲपमधलं पहिलं खातं कोणाच्या नंबरवर उघडलं जातंय, हे फारसं कोणी विचारत नाही. आमची फसवणूक नेमकी तिथे झाली. दार आमचं, पैसे आमचे, ठसे आमच्या घरातल्या माणसांचे, आणि लॉकचा मालक म्हणून नोंद विकणाऱ्याची. हे लिहायला बसले ते एवढ्यासाठी की असंच लॉक असलेली आणखी घरं असणार आणि तिथे राहणाऱ्यांना याचा पत्ताही नसणार.

आमच्याकडे प्रत्येकाची येण्याजाण्याची वेळ वेगळी. सासूबाईंना किल्ली सांभाळणं जड जाऊ लागलं होतं आणि मुलगी शाळेतून एकटी घरी येते. म्हणून बोटावर उघडणारं कुलूप घ्यायचं ठरलं. विकणाऱ्याला मी सगळं लेखी विचारलं होतं, मेसेजवर. सेन्सर कोणत्या प्रकारचा आहे, ठसे कुठे साठतात, सेल संपले तर बाहेरून काय सोय आहे, किल्लीचा सिलिंडर, म्हणजे किल्ली घालून फिरवायचा भाग, कसा आहे. उत्तरं लगेच आली. सेन्सर सेमीकंडक्टर. ठसे फक्त लॉकमध्येच राहतात, बाहेर कुठेही जात नाहीत. बाहेरून यूएसबीनं वीज देता येते. सिलिंडर हाय सिक्युरिटी. यातलं यूएसबीचं तेवढं खरं निघालं.

बसवायला आलेल्या मुलानं काम नीट केलं, त्याबद्दल तक्रार नाही. शेवटी ॲप सुरू करायची वेळ आली तेव्हा त्यानं स्वतःचा फोन काढला. "ताई, वॉरंटी चालू व्हायची तर आधी आमच्या दुकानाच्या नंबरवर ॲक्टिव्हेट करावं लागतं. मग आपोआप तुमच्या नावावर होतं." मी तिथूनच विक्रेत्याला मेसेज केला. त्यानंही तेच लिहून पाठवलं: "हो मॅडम, ट्रान्सफर आपोआप होतं." आमच्या सगळ्यांच्या फोनवर ॲप आलं, दार उघडू लागलं, कोण कधी आलं ते दिसू लागलं. ॲपमध्ये आमच्या नावांपुढे 'सदस्य' असं लिहिलेलं होतं. 'ॲडमिन' या ठिकाणी दुकानाचा नंबर होता, आणि तो तसाच राहिला.

या लॉकांमध्ये असं आपोआप काही होत नसतं. पहिल्यांदा जोडलं जाणारं खातं हेच मालकाचं खातं. ते खातं स्वतःहून हक्क सोडत नाही तोवर कंपनीच्या सर्व्हरवर लॉक त्याच्याच नावाला बांधलेलं राहतं. ॲडमिनला नवे ठसे आणि पिन घालता येतात, जुने काढता येतात, दाराची सगळी ये-जा बघता येते आणि लॉक वाय-फायवर असेल तर जगात कुठेही बसून दार उघडता येतं.

पहिली कुरबूर मात्र सेन्सरवरून झाली. सासूबाईंचं बोट तो घेईचना. मुलीचे हात ओले असले की तिलाही दाराबाहेर उभं राहावं लागे. बोट टेकवलं की काचेखाली दिवा लागायचा, आणि मला शंका आली ती या दिव्यामुळेच. ऑप्टिकल सेन्सर बोटावर प्रकाश टाकून त्याचं चित्र घेतो. सेमीकंडक्टर सेन्सरमध्ये, बहुतेक वेळा तो कपॅसिटिव्ह असतो, बोटावरच्या उंचवट्यांमुळे आणि खाचांमुळे विद्युतभारात पडणारा बारीक फरक मोजला जातो. त्याला बोट उजळवून बघायची गरज नसते. सेलच्या झाकणाआड मॉडेल नंबर होता. तो कंपनीच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहिला. तिथे स्पष्ट लिहिलं होतं, ऑप्टिकल.

सेमीकंडक्टर म्हटलं की अभेद्य, असंही समजू नये. योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठातले त्सुतोमु मात्सुमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली जिलेटिनची खोटी बोटं करून 11 प्रकारच्या फिंगरप्रिंट यंत्रणांवर वापरून दाखवली. त्यांत ऑप्टिकल होत्या तशाच कपॅसिटिव्हही होत्या. म्हणून बोट जिवंत आहे की नाही हे ओळखायची सोय आहे का, हा प्रश्न सेन्सरच्या प्रकाराइतकाच महत्त्वाचा. कोरड्या, झिजलेल्या बोटांचा त्रासही दोन्ही प्रकारांना होतो. माझी तक्रार वेगळी आहे. मी विचारलं एक, मला लिहून दिलं एक आणि दारावर लावलं दुसरंच.

विक्रेत्याला फोन केला तर त्याचं उत्तर तयार होतं. "आजींची बोटंच झिजलीत, लॉक काय करणार? मी सेन्सिटिव्हिटी वाढवून देतो." हा उपाय कोणी सुचवला तर चटकन हो म्हणू नका. योग्य बोट नाकारलं जाण्याचं प्रमाण आणि परकं बोट स्वीकारलं जाण्याचं प्रमाण एकमेकांना बांधलेलं असतं. एकाच सेन्सरवर पहिलं कमी करायला गेलात तर दुसरं वाढतं. जाहिरातीत या दोनपैकी छान दिसणारा एकच आकडा छापलेला असतो. सासूबाईंसाठी खरा उपाय साधा होता. दोन्ही हातांची वेगवेगळी बोटं नोंदवायची, एकच बोट थोडं तिरकं ठेवून पुन्हा नोंदवायचं, आणि तरीही जमलं नाही तर त्यांना पिन द्यायचा. पण नवं बोट नोंदवायचा हक्क आम्हाला नव्हता. तो ॲडमिनला होता.

मी तसं म्हटलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, तुम्ही दारापाशीच आहात ना? थांबा जरा." आणि माझ्यासमोर खटका सरकला. दार उघडलं. तो त्याच्या दुकानात बसलेला. आपली सेवा किती तत्पर आहे हे मला दाखवावं, एवढाच त्याचा हेतू असावा. माझ्या मात्र पोटात गोळा आला. मुलगी एकटी घरात असते त्या वेळाही त्याला त्याच ॲपमध्ये रोजच्या रोज दिसत होत्या.

त्याच दिवशी मी ॲडमिनचे हक्क आमच्या नंबरवर करायला सांगितलं. तेव्हा पहिल्यांदा 'वार्षिक सेवा करार' हा शब्द निघाला. तो म्हणाला, "करार घेतला तर हक्क देऊ, नाहीतर ॲडमिन आमच्या दुकानाकडे राहील, कारण सपोर्ट आम्हालाच द्यावा लागतो." विकताना यातलं अक्षर काढलेलं नव्हतं, बिलावरही नव्हतं. घर विकून किल्ल्यांचा एक जोड स्वतःकडे ठेवावा आणि तो परत देण्याचे वेगळे पैसे मागावेत, तशातला हा प्रकार. कंपनीच्या हेल्पलाइनवर फोन केला. त्यांनी सांगितलं की लॉकमधलं रिसेटचं बटण दाबलं तर ठसे पुसले जातील, पण सर्व्हरवरची बांधणी सुटणार नाही. ती सोडवायला अनुक्रमांक लिहिलेलं बिल हवं. आमच्या बिलावर मॉडेल होतं, अनुक्रमांक नव्हता. वॉरंटीसुद्धा दुकानाच्या नावावर नोंदलेली होती.

मधल्या काळात मी घरच्या वाय-फायचा पासवर्ड बदलला, म्हणजे लॉक इंटरनेटवरून तुटेल. एवढ्यानं भागत नाही, हे मला माहितीपत्रक वाचताना कळलं. अशा अनेक लॉकांना ऑफलाइन तात्पुरते पिन असतात. ॲडमिनच्या ॲपमध्ये वेळेच्या हिशोबानं एक आकडा तयार होतो, लॉकही आतल्या घड्याळावरून तोच हिशोब करतं आणि आकडा जुळला की दार उघडतं. नेट लागतच नाही. पाहुण्यांसाठी ही सोय चांगली आहे. ॲडमिन परका असेल तर दार मोकळंच.

तेवढ्यात ठशांचंही बिंग फुटलं. ॲपच्या गोपनीयतेच्या अटींमध्ये, बऱ्याच खाली, लिहिलं होतं की बॅकअप चालू असेल तर ठशांचे साचे, म्हणजे ठशांवरून तयार केलेले डिजिटल नमुने, सर्व्हरवर ठेवले जातात. बॅकअप चालू की बंद हे फक्त ॲडमिनला बदलता येतं. ही भीती अवाजवी नाही. ऑगस्ट 2019 मध्ये बायोस्टार 2 या प्रवेश-नियंत्रण प्रणालीचा डेटाबेस इंटरनेटवर उघडा सापडला आणि त्यात 10 लाखांहून अधिक लोकांचे ठसे होते. पासवर्ड फुटला तर दुसरा ठेवता येतो, बोट बदलता येत नाही. माझ्या मुलीचे ठसे आज कुठे आहेत हे मला कोणी खात्रीनं सांगू शकत नाही. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत जास्त राग मला याचाच आहे.

मग लॉक काढायचं ठरवलं. काढण्याआधी किल्लीवाल्याला बोलावून सिलिंडर दाखवला. फिंगरप्रिंट लॉकवर टोपणाआड एक किल्लीचं भोक असतं, अडीअडचणीला. चोराला सेन्सरशी झटापट करायची गरजच नसते, तो टोपण काढून थेट तिथे जातो. आमच्या 'हाय सिक्युरिटी' सिलिंडरला त्या माणसानं बारीक हत्यारं लावली आणि बोलता बोलता तो फिरवला. वरून किल्ल्यांचं जे पाकीट सीलबंद हवं, ते आम्हाला मिळालं तेव्हाच फाटलेलं होतं. विचारलं तर 'तपासणीसाठी उघडलं' हे उत्तर मिळालं होतं.

मोठे शब्द वापरून कुलपं विकायची रीत फक्त छोट्या दुकानदारांची नाही. टॅपलॉक नावाच्या बोटाच्या ठशानं उघडणाऱ्या कुलपाबद्दल 2018 साली ब्रिटनमधल्या सुरक्षा-तज्ज्ञांनी दाखवलं की त्याची डिजिटल चावी त्याच्या ब्लूटूथ पत्त्यावरूनच काढता येते, आणि तो पत्ता कुलूप स्वतःच हवेत सांगत असतं. उघडायला त्यांना दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत. कंपनी त्याला अभेद्य म्हणत होती. पुढे 2020 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेनं ग्राहकांची दिशाभूल केल्याचा आरोप ठेवून त्या कंपनीला तडजोडीच्या आदेशाखाली आणलं. म्हणून जाहिरातीतला शब्द आणि माहितीपत्रकातला शब्द नेहमी शेजारी ठेवून वाचा.

आता आमच्याकडे दुसरं लॉक आहे. ते बसवताना खोका आमच्यासमोर उघडला गेला, अनुक्रमांक खोक्यावर, लॉकवर आणि बिलावर एकच असल्याचं मी पाहिलं आणि पहिलं खातं माझ्या नंबरवर उघडलं. बसवणाऱ्याच्या हातात फोन नव्हता. चाचणीसाठी त्यानं स्वतःचं बोट लावलं होतं, ते यादीतून काढून टाकायला लावलं आणि पुन्हा लावून दार उघडत नाही याची खात्री केली. कारखान्यातून आलेला मास्टर पिन तिथल्या तिथे बदलला. हा पिन बहुतेकदा 123456 सारखा काहीतरी असतो आणि माहितीपुस्तिकेत छापलेला असतो. ब्रिटनमध्ये तर 29 एप्रिल 2024 पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती वस्तूंवर सगळ्यांना सारखा असा सोपा पासवर्ड देणंच कायद्यानं बंद आहे. सिलिंडर वेगळा, चांगला विकत घेऊन बसवला. वाय-फाय जोडलेलंच नाही. दुरून दार उघडायची आम्हाला तशी गरज नव्हतीच, आणि त्याशिवाय सेलही जास्त टिकतात.

सेलचं म्हणाल तर अल्कलाइन पेन्सिल सेल घाला. चार्जिंगचे निकेलवाले सेल 1.5 ऐवजी 1.2 व्होल्ट देतात, म्हणून लॉक उगाच लवकर 'सेल संपले' म्हणून ओरडत राहतं. सेल भराभर संपत असतील तर आधी सुताराला दार दाखवा. दार उतरलं असेल तर बोल्ट चौकटीतल्या पट्टीला घासतो आणि मोटरला प्रत्येक वेळी जोर करावा लागतो. आणि आतून दार वीज नसताना, सेल नसताना, केवळ हँडल खाली करून उघडलं पाहिजे. आगीच्या वेळी ॲप शोधायला सवड नसते. हे दुकानातच सेल काढायला लावून करून बघा. याला जो विक्रेता नाही म्हणेल त्याच्याकडून लॉक घेऊ नका.

ज्यांच्या दारावर असं लॉक आधीच आहे त्यांनी आजच ॲप उघडून आपल्या नावापुढे काय लिहिलंय ते पाहावं. ॲडमिन दुसराच कोणी असेल तर रिसेट करायची घाई करू नका. रिसेटमध्ये ठशांबरोबर नोंदीही जाऊ शकतात, आणि दार कोणी कधी उघडलं याचा पुरावा त्या नोंदीच असतात. आधी सगळ्याचे फोटो घ्या: ॲडमिनचा नंबर, ठशांची यादी, ये-जा, अनुक्रमांक. हक्क लेखी मागा आणि उत्तरही लेखीच घ्या. फोनवर तो काहीही कबूल करेल, नंतर नाही म्हणेल.

आमच्या विक्रेत्यानं तक्रार गेल्यावर थोडे पैसे परत करायची तयारी दाखवली. अट अशी की आमची काही तक्रार नाही असं लिहून द्यायचं. मी नाही म्हटलं. त्या कागदावर सही झाली असती तर दुसऱ्या घरांची ॲडमिन खाती त्याच्याकडे तशीच राहिली असती. मी कंपनीकडे लेखी मागणी केली आहे की या दुकानाच्या नंबरला बांधलेल्या प्रत्येक लॉकच्या खऱ्या ग्राहकाला कळवावं आणि आमचे साचे सर्व्हरवरून पुसल्याचं पत्र द्यावं. जुनं लॉक सेल काढून, पिशवीत बंद करून ठेवलंय. ते पत्र हातात आल्याशिवाय मी ते कोणालाही परत देणार नाही.