डबलसीटचा कमरपट्टा: धरायला उत्तम, थांबताना अर्धाच कामाचा

गाडी चालवणाऱ्याने कमरेला बांधायचा आणि मागे बसणाऱ्याने धरायचा, असा दोन मुठींचा पट्टा मिळतो. मी तो बाबांसाठी घेतला. म्हणजे बांधते मी, धरतात ते. पाचपैकी साडेतीन तारे देते. कापलेला दीड तारा शिवणीसाठी किंवा कापडासाठी नाही. खोक्यावर 'संपूर्ण सुरक्षा' असं छापलंय ना, त्यासाठी आहे.

ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण या जातीचे पट्टे सगळे एकाच मुशीतले असतात. आधी गरज काय होती ते सांगते, म्हणजे तुमची आणि माझी एकच आहे का ते कळेल. बाबांचा उजवा खांदा आखडलेला आहे. हात पाठीमागे जातच नाही, त्यामुळे सीटमागची दांडी त्यांच्यासाठी असून नसल्यासारखी. बरं, माझ्या कमरेला धरा म्हटलं तर "राहू दे, मी बसतो व्यवस्थित" म्हणत दोन्ही हात मांड्यांवर ठेवून ताठ बसणार. मोठ्या झालेल्या मुलीला मागून विळखा घालून बसायचा त्यांना संकोच, आणि खरं सांगायचं तर मलाही. एकटीने मी पुष्कळ गाडी चालवलेली, पण मागे माणूस घेऊन कधीच नाही. आणि माझा पहिलाच प्रवासी काहीही न धरता बसणार, हे काही मला झेपणारं नव्हतं.

पट्टा वीतभर रुंद, जाड विणीच्या नायलॉनचा. आतून स्पंजचं अस्तर, पुढे वेल्क्रो आणि त्यावर कट्कन लागणारं प्लास्टिकचं बक्कल. दोन्ही कुशींना रबर चढवलेल्या मुठी. शिवण चांगली आहे: मुठीच्या दोन्ही टोकांना फुलीचा टाका घालून वर चौकट शिवलीय. घेताना हेच बघा. एकेरी सरळ शिवण असेल तर तो पट्टा ठेवून द्या, कारण सगळा ओढा तिथेच येतो. मुठी कुशीवर आहेत हेही बरोबर. काही पट्ट्यांना त्या थेट पाठीवर असतात. तसं असलं की ब्रेक लागल्यावर मागच्याची बोटं त्याचं पोट आणि आपली पाठ यांच्यात चेपतात.

बांधायला एक मिनिट लागत नाही. मात्र गुळगुळीत जॅकेटवर तो वर सरकतो. थोडं अंतर गेलं की बरगड्यांपाशी येऊन बसतो आणि मग श्वास घेताना जाणवतो. बेंबीच्या खाली, हाडावर घट्ट आवळला तर कमी सरकतो. टाकीवर वाकलं की बक्कल टाकीला घासतं. मी त्यावर जुन्या कापडाची खोळ चढवलीय. पावसात स्पंज पाणी पितो आणि दुसऱ्या दिवशीही ओलाच असतो.

आता मुख्य गोष्ट. गाडी पुढे निघते तेव्हा मागचा माणूस मागे ओढला जातो आणि थांबते तेव्हा पुढे येतो. पट्टा यातल्या पहिल्या निम्म्याचीच सोय करतो. ती सोय मात्र खरोखर छान करतो. पहिल्या गिअरमधून निघताना बाबांचा हात मुठीवर घट्ट, मान स्थिर, आणि गिअर बदलताना एकमेकांच्या हेल्मेटवर आपटणारी हेल्मेटंही बरीच गप्प झाली. (उरलेलं श्रेय क्लच हळू सोडण्याला. मागे माणूस असला की एकटीला चालून जाणारा प्रत्येक झटका दुप्पट वाटतो.)

पण त्यांनी लावलेला जोर जातो कुठे, तर माझ्या कमरेवर. बाबा ७० किलोचे. गाडीने अगदी बेताचा, म्हणजे सेकंदाला २ मीटर प्रति सेकंद या दराने वेग घेतला, तरी त्यांना पुढे न्यायला सुमारे १४ किलो वजनाइतकी ओढ लागते. सीटचं घर्षण त्यातली काही उचलतं, बाकीची पट्ट्यातून माझ्याकडे येते. ती मी हँडल धरून पेलायला गेले तर उजवी मूठ नकळत पिळली जाते आणि गाडी आणखी जोरात निघते. म्हणून दोन्ही गुडघे टाकीला आवळायचे आणि हात सैल ठेवायचे. हे एका वाक्यात सांगण्यासारखं आहे, पण सोबतच्या कागदावर ते नाही. तिथे पट्टा कसा धुवायचा याची चित्रं आहेत.

ब्रेकचं गणित उलटं. जरा जोराचा, पण घाबरवणारा नव्हे असा ब्रेक, म्हणजे सेकंदाला ४ मीटर प्रति सेकंदाने वेग उतरला, की ७० किलोंच्या माणसाला थोपवायला साधारण २८ किलो वजनाइतका जोर लागतो. कापडाच्या मुठीला ओढता येतं, पण तिच्यावर रेटा देता येत नाही. त्यामुळे माणूस सरकत येऊन आपल्या पाठीवर टेकतो, आणि तो भार आपल्या मनगटांवर उतरतो, नेमका हँडल हलकं हवं असतं तेव्हा. पट्टा इथे बिनकामाचा. यावर जुना आणि फुकटचा उपाय म्हणजे मागच्याने हात पुढे घालून तळवा टाकीवर टेकवायचा आणि गुडघ्यांनी पुढच्याला दोन्ही बाजूंनी आधार द्यायचा. टाकीपर्यंत हात पोचतो का हे गाडीच्या आणि माणसांच्या बांध्यावर आहे, आमचा पोचतो. शेवटी आमची पद्धत ठरली ती अशी: बाबांचा उजवा हात मुठीत, डावा तळवा टाकीवर. म्हणजे विकत घेतलेल्या दोन मुठींपैकी एकच वापरात आहे. दीड तारा इथेच गेला.

गाडीवर चढतानाही पट्ट्याचा मोह आवरावा लागतो. फूटरेस्टवर पाय ठेवला की समोर आयती मूठ दिसते, आणि माणूस तिला धरून स्वतःला वर खेचतो. त्या खेचण्याने चालवणारीसकट गाडी डावीकडे कलते. त्यापेक्षा मी आधी बसते, दोन्ही पाय जमिनीवर, पुढचा ब्रेक दाबलेला, आणि "हं, या" म्हटल्यावरच बाबा डावा हात माझ्या खांद्यावर ठेवून चढतात. उतरतानाही तसंच, सांगितल्याशिवाय नाही. सिग्नलला थांबलो की पाय माझेच खाली, त्यांचे फूटरेस्टवर. मदत म्हणून त्यांनी एक पाय टेकवला की तोल सावरण्याऐवजी जातो. हे पटवायला वेळ लागला, कारण गाडी चालवायला मला त्यांनीच शिकवलंय.

"मी काय करायचं मग?"

"काही नाही बाबा, पोत्यासारखं बसायचं."

वळणावर मात्र पोतं चालत नाही. गाडी डावीकडे झुकली की मागच्याने माझ्या डाव्या खांद्यावरून पुढे बघायचं, उजवीकडे झुकली की उजव्या. एवढं केलं की अंग आपोआप गाडीबरोबर झुकतं. घाबरून उलट्या बाजूला ताठ झालं की गाडी वळायला नकार देते. यातही मूठ थोडी आडवी येते: वळणावर बाबा बाहेरच्या बाजूची मूठ आवळतात तेव्हा मला कमरेत पीळ जाणवतो. आता सवय झालीय, दोघांनाही.

मुठीबद्दल एक ताकीद. तिच्यात बोटं अडकवायची, मनगट ओवायचं नाही. ट्रेनमधल्या कडीसारखा हात आत घालून लटकवला आणि गाडी पडली, तर तो सुटत नाही. वाट्टेल त्या क्षणी हात मोकळा झाला पाहिजे. आणि हा पट्टा लहान मुलांना बांधून घ्यायचा नाही. तो पट्टा वेगळा असतो. ज्या पोराचे पाय फूटरेस्टला पोचत नाहीत त्याच्यासाठी तर हा नाहीच नाही.

पट्ट्यावर खर्च करण्याआधी फुकटची कामं उरकून घ्या, कारण पहिल्यांदा माणूस मागे बसवल्यावर गाडी जी परकी वाटते ती त्यांनी अर्धीअधिक ओळखीची होते. मागची सीट जवळपास मागच्या चाकावरच असते, त्यामुळे मागच्याचं बहुतेक सगळं वजन त्याच चाकावर येतं. मागचा टायर आणि शॉक दबतात, पुढचं चाक त्या मानाने हलकं पडतं, हँडल तरंगल्यासारखं वाटतं. टायरमधल्या हवेचे एकट्याचे आणि दोघांचे आकडे बऱ्याचदा वेगळे असतात, आणि ते साखळीच्या कव्हरजवळच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत सापडतात. माझ्या गाडीवर मागच्या टायरला २९ आणि ३३ पीएसआय आहेत. हवा टायर थंड असताना मोजायची. मागच्या शॉकची खाचांची कडी हुकच्या पान्याने दोन खाचा कडक केली, तेव्हा खड्ड्यात शॉकचं टकटक आपटणं थांबलं. आणि हेडलाइट! मागून गाडी बसली की झोत वर जातो आणि समोरचे लोक डिपर मारून शिव्या घालतात. त्याचा स्क्रू थोडा फिरवा. ब्रेकचं म्हणाल, तर मागच्या चाकावर वजन असल्याने मागचा ब्रेक एरवीपेक्षा जास्त उपयोगी पडतो. पण थांबायला सुरुवात लवकर करायची, याला पर्याय नाही.

मग साडेतीन तरी का? कारण पट्टा आल्यापासून बाबा काहीतरी धरून बसतात. टाकीवर हात ठेवायलासुद्धा ते पट्ट्यानंतरच तयार झाले; मध्ये एक कापडी वस्तू आली आणि अवघडलेपण गेलं. खोक्यावर हे छापलं असतं तर मी पाच दिले असते. तुमच्या मागे बसणारी व्यक्ती तुम्हाला बिनदिक्कत धरत असेल, किंवा तिचा हात मागच्या दांडीपर्यंत नीट जात असेल, तर हा पट्टा घेऊ नका.

घेणारच असाल तर कमर जॅकेट घालून मोजा आणि दोन मापांच्या मध्ये असाल तर मोठं घ्या. वेल्क्रोने आवळता येतो, वाढवता येत नाही. मुठी काळ्या असतात आणि अंधारात काळ्या जॅकेटवर चाचपडाव्या लागतात, म्हणून मी त्यांना पिवळी टेप गुंडाळलीय.