विद्यापीठ खरे होते, पुण्यातील केंद्र नव्हते

माझ्या मुलीला बारावीनंतर पत्रकारिता व जनसंज्ञापनाची पदवी घ्यायची होती. त्यासाठी पुण्यातील एका खाजगी माध्यम संस्थेने आमच्याकडून १,९६,५०० रुपये उकळले: नोंदणीचे ११,०००, पहिल्या वर्षाचे १,४२,५००, स्टुडिओ वापराचे १८,००० आणि वसतिगृहाची अनामत २५,०००.

मी चौकशी न करता पैसे भरले, असे कोणी म्हणू नये. ज्या परराज्यातील खाजगी विद्यापीठाची पदवी मिळणार होती, त्याचे नाव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत मी स्वतः पाहिले होते आणि बनावट विद्यापीठांच्या यादीत ते नव्हते. परंतु अशा विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर महाविद्यालय संलग्न करता येत नाही. छत्तीसगडमधील खाजगी विद्यापीठांचा राज्याबाहेरचा पसारा सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली यशपाल खटल्यात अवैध ठरवला होता. सामान्य पालकाला हे कुठून ठाऊक असणार? म्हणून केवळ विद्यापीठाचे नाव तपासू नका, तुमचे मूल ज्या इमारतीत शिकणार आहे तिची मान्यता तपासा.

ज्या क्षणाने मला आजही झोप लागत नाही, तो पावतीचा आहे. पावतीवर विद्यापीठाचे नावच नव्हते. एका प्रशिक्षण कंपनीचे होते आणि खाली ‘कौशल्य प्रशिक्षण शुल्क’ असे छापले होते. मी तिथेच विचारले. समुपदेशक म्हणवणाऱ्या बाई म्हणाल्या, “काका, विद्यापीठाचा वाटा आम्हीच भरतो, त्यांची पावती मागाहून येईल.” शेजारी दुसरे पालक रांगेत उभे होते, मुलगी आनंदात होती, प्रवेशाची मुदत त्याच दिवशी संपते असे सांगितले गेले होते, अशा वेळी कोणता बाप पैसे परत मागतो? त्याच टेबलावर त्यांनी बारावीची मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला ठेवून घेतला. मूळ कागदपत्रे अडवून ठेवण्यास आयोगाची मनाई आहे, तेव्हा ती फक्त पडताळणीसाठी दाखवा.

शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर महाविद्यालयाचे नाव सापडेना, तेव्हा बिंग फुटले. विद्यापीठाच्या कुलसचिवांना लिहिले, तर महाराष्ट्रात आमचे एकही केंद्र नाही, असे एका ओळीचे उत्तर आले.

त्यानंतरचा अनुभव फसवणुकीहून संतापजनक आहे. पोलीस ठाण्यात सांगितले की हे दिवाणी प्रकरण आहे, वकील करा. खोटी संलग्नता सांगून पैसे घेणे ही फसवणूक नाही, तर फसवणूक म्हणजे काय? शिक्षण खात्याच्या कार्यालयात अर्ज दिला, तर ही संस्था आमच्या यादीत नाही म्हणून आम्ही कारवाई करू शकत नाही, असे उत्तर मिळाले. ती यादीत नाही, हीच तर माझी तक्रार होती! मान्यता असलेल्या महाविद्यालयावर नियमांचा बडगा, आणि मान्यताच नसलेल्याला मोकळे रान, असा हा कारभार आहे. अर्जाची पोच देण्यासाठीसुद्धा मला भांडावे लागले.

मुंबई विद्यापीठाची बीएएमएमसी (मल्टिमीडिया व जनसंज्ञापन) ही पदवी अनेक संलग्न महाविद्यालयांत मिळते, आणि संलग्नता खरी की खोटी हे विद्यापीठाकडे थेट विचारता येते. संस्थेच्या माहितीपत्रकावर, तिथल्या कॅमेऱ्यांवर आणि भिंतीवरच्या वृत्तनिवेदकांच्या छायाचित्रांवर विसंबू नका. रोख रक्कम देऊ नका. पैसे विद्यापीठाच्या किंवा संलग्न महाविद्यालयाच्याच खात्यावर भरा. तसे नको म्हणणारी संस्था तिथेच सोडा.

ज्यांनी अशा ‘कौशल्य प्रशिक्षण’ पावत्यांवर पदवीचे शुल्क भरले आहे, त्यांनी पावत्या, संदेश आणि माहितीपत्रके जपून ठेवावीत. मी ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याच्या तयारीत आहे आणि मुलीचा दाखला अजूनही त्यांच्याच कपाटात आहे.