कंडेन्सेट कुठे सोडायचं: भिंतीबाहेर, पंपाने की ओट्यामागून?

इंग्लंडात २००५पासून घर तापवणारा गॅसचा नवा बॉयलर बहुतेक घरांत कंडेन्सिंगच, म्हणजे धुरातली वाफ थंड करून तिचीही उष्णता वापरणारा, बसवावा लागतो, त्यामुळे मॉडेल कुठलंही घ्या, त्या वाफेचं होऊन टपकणारं पाणी, म्हणजेच कंडेन्सेट, कुठे सोडायचं हे ठरवणं काही चुकत नाही. आमच्याकडे बॉयलर स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीवर आणि सिंक बरोबर समोरच्या टोकाला, म्हणून तिन्ही पर्यायांचा विचार करावा लागला.

भिंतीला भोक पाडून पाइप थेट बाहेरच्या गटारात सोडणं सगळ्यात स्वस्त. पण डिसेंबर २०१०च्या थंडीत इथे असंख्य घरांचे बॉयलर याच पाइपात बर्फ धरल्यामुळे बंद पडले होते. बाहेरचा पाइप ३२ मिलिमीटरचा, शक्यतो तीन मीटरच्या आत आणि वरून पाणी न शिरणारं इन्सुलेशन असलेला हवा. एवढं सगळं नीट केलं तर बहुधा चालेल. पण अडलाच, तर नेमका ज्या पहाटे हीटिंग हवं त्याच पहाटे अडतो, आणि मग कोमट पाण्याचं भांडं घेऊन आपणच बाहेर.

पंप मला आधी फार पटला होता. उताराची कटकट नाही, बारीक नळी कुठूनही वर नेता येते. माझ्या आधीच्या घरात तो होता, सिंकखालच्या कपाटात. डबा भरला की पंप सुरू, घुर्रर्र, आणि बंद. आवाज तसा मोठा नाही, पण चिपबोर्डच्या तळाला लागून तो असा घुमतो की शेजारच्या खोलीत कुणी मोबाइल व्हायब्रेटवर ठेवून गेलंय असं वाटावं. थंडीत बॉयलर जोरात असला की तासाला दोनेक लिटर पाणी निघतं, म्हणजे थोड्याथोड्या वेळाने तेच. खाली फोमचा तुकडा ठेवल्यावर जरा बरं झालं, पण कान एकदा त्या आवाजाला लागला की लागला. पुढच्या घुर्रर्रची वाट बघत पडून राहायचं! कुणाला झोपेत काहीच ऐकू येत नसेल, तर त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. डब्यात बुळबुळीत थर साचतो, तोही अधूनमधून धुवावा लागतोच.

म्हणून या घरात ओट्याखालून उतारावर पाइप नेला, सिंकच्या सांडपाण्याच्या पाइपापर्यंत. तोटा आहे. मीटरमागे साधारण ४५ मिलिमीटर उतार लागतो, म्हणजे तीन मीटरला साडेतेरा सेंटीमीटर, आणि तेवढ्यासाठी आमच्या दोन ड्रॉवरची मागची बाजू कापावी लागली. मोठा कुकर आता तिथे मावत नाही; घरात याबद्दल अजून ऐकून घेतो. सुतारकामाचा खर्चही वेगळा. पण ना वीज, ना आवाज, ना बर्फ.

पाइप प्लास्टिकचाच घ्या. पाणी आम्लधर्मी असतं, तांबं खातं.

तळघरात बॉयलर असेल आणि सांडपाण्याचा पाइप वर असेल, तर मात्र पंपावाचून गत्यंतर नाही. मग तो निदान झोपायच्या खोलीच्या भिंतीला लावू नका, आणि डबा तुंबला तर बॉयलर आपोआप बंद करणारी वायर जोडली आहे ना, हे इंजिनिअर निघायच्या आत दाखवायला सांगा.