निवासी अकादमी की घरची वही? पाचवीतल्या पोराच्या आईबापांसाठी

साताऱ्यात पोर पाचवीत गेलं की घरात एक विषय निघतोच: सैनिक स्कूल की नवोदय? त्याच्या पाठोपाठ दुसरा: प्रवेश परीक्षेच्या तयारीला अकादमीच्या निवासी बॅचला घालायचं की घरीच अभ्यास घ्यायचा? गेल्या वर्षी आमच्या घराण्यात हे दोन्ही एकदम झालं. जाऊबाईंचा मुलगा निवासी अकादमीत, माझी मुलगी घरी. वयात चार महिन्यांचं अंतर. दोन्हीकडचं जवळून बघायला मिळालं, तेवढ्यावरून लिहितेय.

आधी परीक्षा केवढी ते बघा. सैनिक स्कूलच्या सहावीच्या प्रवेशाला १२५ प्रश्न आणि ३०० गुण, त्यातले १५० एकट्या गणिताचे. नवोदयला दोन तासांत ८० प्रश्न, १०० गुण, निम्मे बुद्धिमत्तेचे. आणि नवोदयच्या सहावीच्या प्रवेशाला पोर एकदाच बसू शकतं. दहा वर्षांच्या लेकराच्या मानानं हे ओझं कमी नाही. त्यात देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ साली आपल्याच गावात निघालं, त्यामुळं इथं प्रत्येक नातेवाइकाला त्याबद्दल काहीतरी बोलायचं असतंच.

सरावाच्या बाबतीत अकादमी सरस, यात वादच नाही. दर रविवारी पेपर, घड्याळ लावून. माझ्या मुलीनं पहिला सराव पेपर सोडवला तेव्हा शेवटचे तीस प्रश्न राहिले. येत नव्हते म्हणून नाही. उत्तरपत्रिकेतले गोल ती रांगोळीत रंग भरावा तशी कडेकडेनं भरत बसली होती! पुतण्या तोपर्यंत एका गोलाला दोन सेकंदांवर आला होता. ही सफाई घरी यायला आम्हाला दोन महिने लागले.

आता दुसरी बाजू. अकादमीत साडेपाचला घंटा, भिंतीवर वेळापत्रक, फळ्यावर सरांनी लिहिलेलं ‘२४०च्या वर’. पुतण्या दिवाळीला घरी आला. पहिल्या दिवशी सवयीनं पहाटेच उठला, आंघोळ उरकली, दप्तर घेऊन सोप्यात बसला आणि आईला विचारलं, “आज काय करू?” दप्तराची चेनसुद्धा उघडली नव्हती. चौथ्या दिवशी ते दप्तर खुंटीवरून खाली आलंच नाही. जाऊबाई वैतागल्या, “तिकडं तर एवढं करतो!” करत होताच की. पण कधी काय करायचं ते तिकडं घंटा ठरवत होती, आणि घंटा काही सुट्टीला घरी येत नाही.

आमच्याकडं दोनशे पानी वही. तीन रकाने: ठरवलं, झालं, का राहिलं. रविवारी संध्याकाळी आठवड्याचं तिनं लिहायचं, मी पेनाला हात लावायचा नाही. पहिल्या आठवड्यात बाईसाहेबांनी लिहिलं, ‘रोज ५० गणितं’. झाली सगळी मिळून बारा. तिसऱ्या रकान्यात, ‘कंटाळा आला’. दुसऱ्या आठवड्यात तेच, फक्त कारण ‘मामा आला होता’. मी ओरडले, खोटं कशाला सांगू. तिचे बाबा म्हणाले, “परीक्षा तिची आहे का तुझी?” मग दोन दिवस आमचं दोघांचं वाजलं. तिसऱ्या आठवड्यात तिनं आपणहून लिहिलं, ‘रोज ८, रविवारी सुट्टी. अपूर्णांकाचा भागाकार आईला पण येत नाही, बाईंना विचारणे.’ आणि मधल्या सुट्टीत बाईंना गाठून विचारून आली. अभ्यास तिचा तिनं हातात घेतला तो तेव्हा, असं मी धरते.

मध्ये सायकलचं आमिषही दाखवून पाहिलं. चार दिवसांत गणितांपेक्षा सायकलच्या रंगाची चर्चा जास्त व्हायला लागली, तेव्हा सोडून दिलं.

पण वही फुकट पडत नाही. अकादमीला फी लागते, वहीला संध्याकाळ लागते. सात ते नऊ मी जवळपास पाहिजे. शिकवायला नाही, पण रविवारी वही उघडली की समोर बसून ऐकायला. जिथं दोघंही एमआयडीसीत पाळ्या करतात, घरात म्हातारं माणूसही नाही, तिथं आठ दिवस कुणी बघितली नाही तर वही कपाटावर जाते. आमचीही जूनमध्ये तीन आठवडे कोरी आहे, पेरणीच्या गडबडीत सगळे गावी होतो.

यातून कुणी हॉस्टेलला नावं ठेवू नयेत. याच साताऱ्यात कर्मवीर भाऊरावांनी बोर्डिंग चालवलं. १९१९ साली काल्याला स्थापन झालेली त्यांची रयत शिक्षण संस्था १९२४ साली इथं आली. तिथली पोरं स्वयंपाक करायची, पाणी भरायची, श्रमाची कामं करायची आणि शिकायची. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे नुसतं पाटीवर नव्हतं, भाकरी पोरांनाच थापायची होती. म्हणजे घरापासून लांब राहूनही पोर जबाबदार होतं, फक्त तिथं त्याच्या वाट्याला स्वतःचं असं काही काम आणि निर्णय आला पाहिजे. आजच्या अकादमीत ताटसुद्धा मावशी उचलतात.

म्हणून बघायला जाल तेव्हा फी आणि निकालाची यादी विचाराच, पण संध्याकाळी आठला जा आणि एखाद्या पोराला सहज विचारा, “उद्या काय करणार?” ‘सर सांगतील’ असं उत्तर आलं तर काय ते ओळखा.

माझं मत विचाराल तर दिवाळीपर्यंत घरची वही आणि दिवाळीनंतर बाहेर नुसती रविवारची टेस्ट सिरीज. पोर स्वतःच ‘मला सैनिक स्कूललाच जायचंय’ म्हणून मागं लागलं असेल तर निवासी घाला, त्याचं ध्येय त्याच्यासोबत जाईल. कुणाच्या तरी म्हणण्यावरून जात असेल तर थांबा.

आणि निकाल? पुतण्याला माझ्या मुलीपेक्षा गुण जास्त पडले. यादीत दोघांचंही नाव नाही. दोघं आता शेजारशेजारच्या शाळेत सहावीत आहेत.

जाऊबाई धाकटीलाही पुढच्या वर्षी निवासीलाच घालणार आहेत. त्यांचं दुकान रात्री नऊला बंद होतं, मला त्यात काही चूक दिसत नाही. या वेळी मात्र त्यांनी दोन ठिकाणी एकच प्रश्न विचारला: “रविवारचे दोन तास काय अभ्यास करायचा ते तिचं तिला ठरवू द्याल का?” पहिल्या ठिकाणी म्हणाले, असं आमच्यात चालत नाही. दुसरे सर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “बघू, करून बघू.” पैसे दुसरीकडं भरलेत.